पेटत्या टाकीतलं चॉकलेट

"डिझेलची टाकी? जमिनीवर? आपल्या सोसायटीत?" चेअरमन खुर्चीतून अर्धे उठले. पूर्ण उठले नाहीत, कारण सभेत खुर्ची सोडली की ती दुसरा घेतो हा त्यांचा अनुभव. "उद्या कुणी जळती काडी टाकली, की आपण सगळे थेट गच्चीत. तेसुद्धा जिना न चढता!"

सभा खो-खो हसली. आराखडे तेवढे हसले नाहीत.

आराखडे हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. टाक्या बनवणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये ते ड्राफ्ट्समन होते आणि भिंतीत खिळा ठोकायचा तरी आधी कागदावर भिंत काढायची, मग खिळा काढायचा, मग बाण काढून पुढे 'खिळा' असं लिहायचं, ही त्यांची रीत. एवढं होईपर्यंत बायकोनं खिळा ठोकून, फोटो लावून, तो जरा तिरपा झालाय हेही बघून ठेवलेलं असायचं. म्हणून सोसायटीनं नाव ठेवलं आराखडे. नाव चिकटलं. आता टपालवालासुद्धा त्याच नावानं हाक मारायचा.

तर झालं होतं असं, की सोसायटीच्या जनरेटरचं डिझेल जिन्याखाली पिंपात ठेवलेलं असे. अग्निशमन दलाचा अधिकारी आला, त्यानं पिंपाकडे पाहिलं, मग वर राहणाऱ्या माणसांकडे पाहिलं आणि "अजून जिवंत आहात?" एवढंच विचारून गेला. पाठोपाठ नोटीस आली. पिंप हलवा. जमिनीखाली टाकी पुरायची तर खाली पाण्याची लाईन. म्हणजे टाकी जमिनीवरच हवी, आणि ती अशी हवी, की आजूबाजूला आग लागली तरी आतल्या डिझेलला पत्ता लागू नये.

"अशी टाकी माझ्याकडे आहे," आराखडे म्हणाले.

"कुठे?"

"डोक्यात."

"मग तिथंच राहू द्या," चेअरमन म्हणाले. "तिथं पेट घ्यायला काही नाही."

पुन्हा हशा. पण आराखड्यांचं दुखणं वेगळंच होतं. वर्कशॉपमध्ये इतकी वर्षं त्यांनी काढलेल्या प्रत्येक ड्रॉइंगच्या कोपऱ्यात सही असायची ती मालकाची. घरी ते बोलायला लागले की कुकरची शिट्टी तरी व्हायची नाहीतर फोन तरी वाजायचा. सोसायटीत तर विचारूच नका. एकदा, फक्त एकदा, कुणीतरी शिक्का मारून म्हणावं, की ही वस्तू ह्या माणसाच्या डोक्यातून निघाली. एवढीच त्या माणसाची आयुष्याकडे मागणी होती. म्हटलं तर केवढीशी. पण बघा, पुढे ह्या एवढ्याशा मागणीनं केवढ्या मोठमोठ्या माणसांना घाम फोडला!

टाकी अशी होती. एका पोलादी पेटीत दुसरी पोलादी पेटी. आतलीत डिझेल. दोघींच्या मधे चारी बाजूंनी, वर आणि खालीसुद्धा, हलकं काँक्रीट, ओलावा धरून ठेवणारं. बाहेरच्या पत्र्याला वरच्या कडेनं बारीक भोकं आणि ती मेणानं बुजवलेली. आग लागली की आधी मेण वितळणार, भोकं उघडणार, काँक्रीटमधल्या पाण्याची वाफ होऊन भसाभसा बाहेर पडणार आणि जाताना उष्णता घेऊन जाणार. आतली पेटी गार.

"टाकीला घाम येतो," आराखडे सांगायचे. सांगताना त्यांच्या स्वतःच्याच कपाळावर घाम यायचा.

मालकांनी भंगारातला पत्रा वापरायला परवानगी दिली, वेल्डरनं मनापासून वेल्डिंग केलं आणि एका रविवारी सकाळी सोसायटीच्या मागच्या मोकळ्या जागेत ती टाकी येऊन बसली. करड्या रंगाची, चौकोनी, गंभीर. शाळेच्या पहिल्या दिवशी बाकावर बसलेल्या ढ मुलासारखी.

चेअरमनांची अट स्पष्ट होती. "आमच्या डोळ्यांदेखत जाळून दाखवा. वाचली तर ठेवू."

"आत थर्मामीटर ठेवतो," आराखडे म्हणाले.

"थर्मामीटर खोटं बोलू शकतं," तळमजल्यावरचे दाताचे डॉक्टर म्हणाले. "चॉकलेट बोलत नाही." आणि खिशातून त्यांनी चॉकलेटची मोठी वडी काढली. दाताच्या डॉक्टरच्या खिशात चॉकलेट कशाला, असं कुणी विचारलं नाही. ते येणाऱ्या प्रत्येक लहान मुलाला एक देत. धंद्याचं बी-बियाणं म्हणायचं.

चॉकलेट आत गेलं, झाकण बसलं, भोवती लाकडं रचली गेली. आणि काडी ओढण्याआधी आराखड्यांनी भाषण केलं.

काय सांगावं त्या भाषणाबद्दल! तीन फळ्यांवर ड्रॉइंग लावलेली. हातात छडी. पत्र्याची जाडी का, काँक्रीट कसं कालवायचं, त्यात काय किती, भोकं वरच्याच कडेला का, मेणच का. सावलीत बसलेली माणसं उन्हात आली, उठून परत सावलीत गेली. चेअरमन डोळे मिटून 'चिंतन' करत होते. तिसऱ्या मजल्यावरच्या गायनाच्या बाई बोटांवर ताल मोजत होत्या. दाताचे डॉक्टर मोबाईलवर सगळ्याचं शूटिंग करत होते. पहिल्या रांगेत आराखड्यांची बायको स्वेटर विणत होती आणि सुया खटखट चालल्या होत्या.

मग आग लागली.

आणि इथं, खरं सांगतो, थट्टा संपली. लाकडं धडाडून पेटली. ज्वाळा टाकीच्या डोक्यावरून वर गेल्या. पत्रा आधी काळा झाला, मग लालसर. पुढे बसलेली माणसं खुर्च्या घेऊन मागे सरकली. चेअरमनांचं चिंतन उडालं. कुणीतरी "पाणी आणा रे" म्हणालं, पण जागचं हललं कुणीच नाही. तेवढ्यात त्या पेटत्या पेटीतून आवाज आला. सुस्स... आणि वरच्या कडेनं, एका ओळीत, पांढऱ्या वाफेचे दोरे निघाले. सरळ, बारीक, एकसारखे. लाल ज्वाळांमधून पांढरे दोरे! दोरे वाढत गेले, फुगत गेले आणि अख्खी टाकी, कोणी धावत जिने चढून आल्यासारखी, श्वास टाकायला लागली. टाकीला घाम फुटला होता.

कागदावर शंभरदा काढलेली ती वाफ आराखड्यांनीही पहिल्यांदाच बघितली होती. छडी त्यांच्या हातातून कधी गळून पडली, त्यांना कळलं नाही.

लाकडं विझली, टाकी निवली, झाकण उघडलं. डॉक्टरांनी चॉकलेट बाहेर काढलं आणि दोन हातांनी मोडलं. टक्क! असा आवाज झाला. तो 'टक्क' ऐकून गायनाच्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढा शुद्ध सूर म्हणे त्यांच्या क्लासमध्ये अजून कुणाचा लागला नव्हता. तुकडा तुकडा सगळ्यांनी खाल्ला. टाकी जनरेटरशेजारी बसवली गेली.

इथं गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण चेअरमन त्या दिवसापासून विरघळले होते. ते म्हणाले, "आराखडे, पेटंट घ्या!" आणि झालं.

पेटंटचं ऑफिस म्हणजे काय चीज आहे, हे तिथं गेल्याशिवाय कळत नाही. आराखडे पहिल्यांदा गेले तेव्हा दारातच चप्पल काढायला लागले, शिपाई म्हणाला, "राहू द्या, राहू द्या." आत कपाटंच कपाटं. जमिनीपासून छतापर्यंत. त्या कपाटांत माणसांनी शोधून काढलेलं सगळं. आपोआप मिटणारी छत्री, न सांडणारी चमची, मांजराला आत सोडून कुत्र्याला अडवणारं दार. आराखडे मान वर करून बघत राहिले. एवढ्या डोक्यांच्या शेजारी आपलं डोकं ठेवायचं! त्यांना भरूनच आलं.

पेटंटचा एक एजंट त्यांनी गाठला. चुणचुणीत माणूस. हसला की समोरच्याला वाटावं, काम झालंच. अर्ज गेला. काही महिन्यांनी परीक्षकाची पहिली हरकत आली. परीक्षक म्हणजे अर्ज तपासणारा अधिकारी. त्यानं लिहिलं होतं: ही तर थर्मासची बाटली झाली. एकात एक भांडं. ह्यात नवीन काय?

आराखडे त्या दिवशी जेवले नाहीत.

"थर्मास!" ते घरभर फिरत होते. "थर्मासच्या मधे काय असतं? काही नसतं! पोकळी! माझ्या टाकीत मधे काय आहे?"

"काँक्रीट," बायको म्हणाली. सुया चालूच.

"ह्या माणसाला पोकळी आणि काँक्रीट ह्यातला फरक कळत नाही! थर्मासला कधी घाम येतो? सांग, येतो?"

"नाही येत. आता बसा."

बातमी सोसायटीत पोचली आणि सल्ल्यांना पूर आला. चेअरमन म्हणाले, परीक्षकाला टाकी नेऊन दाखवा, ऑफिसात पेटवा. डॉक्टर म्हणाले, जगात नवीन असं काही नसतंच, तुमची टाकी म्हणजे दाढेचं रूट कॅनाल आहे, आतला किडका भाग काढला की सिमेंट भरायचं. मी ह्याचं पेटंट मागितलं का? गायनाच्या बाई म्हणाल्या, अर्ज जरा लयीत लिहा. हे सगळं ऐकून घेऊन एजंटनं उत्तर लिहिलं एका ओळीचं: थर्मास उष्णता अडवतो, ही टाकी उष्णता बाहेर हाकलते. परीक्षकाला ते पटलं. हरकत मागे घेतली. अर्ज प्रसिद्ध झाला. आराखड्यांनी पेढीवर पाटी टांगावी तसं मोठं हसू चेहऱ्यावर टांगलं आणि सोसायटीत सगळ्यांना सांगितलं, "आता फक्त शिक्का!"

आणि तेव्हाच मोठ्या कंपनीनं विरोध दाखल केला.

टाक्यांची मोठी कंपनी. तिचं म्हणणं साधं होतं. जी गोष्ट अर्ज करायच्या आधीच चारचौघांत उघड झाली, ती नवीन कशी? तिचं पेटंट कसं मिळणार? आणि पुरावा काय, तर एक व्हिडिओ. दाताच्या डॉक्टरांनी त्याच रविवारी तो सगळ्या जगासाठी इंटरनेटवर टाकला होता, 'पेटत्या टाकीतलं चॉकलेट' अशा नावानं. खाली लोकांच्या शेकडो प्रतिक्रिया. पैकी निम्म्या चॉकलेट कुठल्या कंपनीचं ह्याबद्दल.

"पण उघड कुणी केली?" आराखडे ओरडले. "मीच केली ना? माझीच गोष्ट मीच सांगितली, तर ती माझी राहत नाही?"

"नाही," एजंट म्हणाला. "कायद्याच्या दृष्टीनं तुम्ही स्वतःच स्वतःचं घर फोडलंत."

डॉक्टर ओशाळे होऊन आले. हातात चॉकलेट. आराखड्यांनी ते घेतलं नाही. बायकोनं घेतलं.

एजंट मात्र हार मानणाऱ्यातला नव्हता. त्यानं व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला. आग दिसत होती, वाफ दिसत होती, चॉकलेट दिसत होतं. फळे मात्र लांब होते, त्यांच्यावरचं वाचता येत नव्हतं. आणि भाषणाच्या वेळी डॉक्टरांचं बोट माईकवर असल्यानं नुसतं भुरभुर भुरभुर ऐकू येत होतं. एजंटचे डोळे चमकले.

"सापडलं!" तो म्हणाला. "नुसती जळती टाकी बघून ती कशी बनवायची, हे कुणाला कळत नाही. कळायचं ते भाषणातून. आता आपण एवढंच सिद्ध करायचं, की तुमच्या भाषणातून कुणालाही काहीही कळलं नाही."

"म्हणजे?"

"हजर असलेल्या लोकांची प्रतिज्ञापत्रं आणायची. मी भाषण पूर्ण ऐकलं, मला ओ की ठो कळलं नाही, खाली सही."

आराखडे खुर्चीत बसले. तीन फळे. छडी. बाणाच्या टोकाशी लिहिलेलं प्रत्येक नाव. "पण मी इतकं व्यवस्थित समजावून..."

"तेच तर आपल्याला नकोय ना, साहेब!"

आता तुम्हाला वाटेल, सह्या गोळा करणं सोपं. जन्मात ज्यांनी आराखड्यांचं एक वाक्य पुरतं ऐकलं नाही, त्यांना 'कळलं नाही' लिहून द्यायला कसली अडचण? पण मध्यमवर्गीय माणूस एक वेळ किडनी देईल, 'मला कळत नाही' हे लिहून देणार नाही.

"मला कळलं नाही?" चेअरमन ताठ झाले. "अहो, सोसायटीची निवडणूक तोंडावर आहे. मला सगळं कळलं होतं!"

"कृपा करा, चेअरमन. एवढी एक सही."

"आराखडे, मैत्री वेगळी आणि बुद्धी वेगळी."

गायनाच्या बाई रडवेल्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, मी शास्त्राचा माणूस, पेशंट काय म्हणतील? आराखडे दारोदार फिरत होते. काय मागत होता तो माणूस? तर कृपा करून म्हणा, की मी तुम्हाला कंटाळा आणला! आणि दारोदारी उत्तर काय, तर छे छे, तुम्ही फार छान बोललात! आयुष्यभर ज्या वाक्यासाठी कान आसुसले होते ते आता जो तो तोंडावर फेकत होता, आणि ते नको म्हणून हे हात जोडत होते. देवाची चेष्टा म्हणतात ती हीच असावी.

तोड एजंटनंच काढली. "कळलं म्हणताय ना? उत्तम. मग काय कळलं ते लिहून द्या."

सगळे उत्साहानं बसले. चेअरमनांनी लिहिलं, की टाकी करड्या रंगामुळे तापत नाही. करडा रंग आगीला दिसत नाही. डॉक्टरांनी लिहिलं, की मेण आगीला गुंगी देतं, जसं आपण हिरडीला देतो. गायनाच्या बाईंनी लिहिलं, की वाफेच्या शिट्टीचा स्वर आणि ज्वाळांचा स्वर एकमेकांना छेद देतात. एजंट एकेक कागद वाचत होता आणि त्याच्या गालावर आनंदाची लाली चढत होती.

"वा! वा! एवढे साक्षीदार, आणि एकाचंही बरोबर नाही! असा पुरावा मी आजवर पाहिला नाही."

आराखड्यांनीही वाचले. मग ते खिडकीशी जाऊन खाली टाकीकडे बघत उभे राहिले.

शेवटची सही बायकोची. तिच्यासाठी एजंटनं मजकूर टाईप करूनच आणला होता. ती पाणीपुरवठा ऑफिसात तक्रारीच्या फोनवर बसायची. दिवसभर लोक बोंबलत, शिव्या देत, चुलत भावाच्या लग्नापासून सुरुवात करत, आणि ही ते सगळं ऐकून इंजिनिअरला दोन ओळींत सांगे: कोपऱ्यावरचा व्हॉल्व्ह गळतोय. तिनं कागद वाचला. 'मला तांत्रिक गोष्टींतलं काही कळत नाही.'

"सही करू?" तिनं नवऱ्याला विचारलं.

"कर," आराखडे म्हणाले. "खोटं थोडंच आहे?"

तिनं त्यांच्याकडे एक नजर टाकली आणि सही केली. ती नजर ज्यानं पाहिली असती त्यानं ते प्रतिज्ञापत्र फाडून टाकलं असतं. पण आराखडे पेनाचं टोपण शोधत होते.

सुनावणीची खोली उंच छताची. वर पंखा इतक्या सावकाश फिरत होता, की तोही निकाल राखून ठेवून बसलाय असं वाटावं. मधे लांब टेबल. टोकाला सुनावणी घेणारे अधिकारी, चष्मा नाकावर. एका बाजूला मोठ्या कंपनीचा वकील, भारदस्त, आवाज तुपासारखा. दुसऱ्या बाजूला एजंट, आराखडे आणि त्यांची बायको. मागे बाकावर चेअरमन, डॉक्टर आणि बाई.

एजंट उठला आणि त्यानं कमाल केली. "साहेब," तो म्हणाला, "माझे अशील संशोधक म्हणून थोर आहेत. पण वक्ता म्हणून? देवाकडून एवढी बुद्धी देताना जीभ द्यायची राहूनच गेली! त्यांचं बोलणं ऐकून शहाण्या माणसाला टाकी आणि बादली ह्यातला फरक सांगता येणार नाही. ही पाहा प्रतिज्ञापत्रं."

त्यानं एकेक वाचलं. 'करडा रंग आगीला दिसत नाही' ह्यावर अधिकाऱ्यांनी चष्मा काढून पुसला. चेअरमन मागून म्हणाले, "मुद्दा विचार करण्यासारखा आहे." आणि आराखडे? ते मान खाली घालून बसले होते, आणि एजंटच्या प्रत्येक वाक्याला, ठरल्याप्रमाणे, होकारार्थी मान हलवत होते. हो, मला बोलता येत नाही. हो, कुणाला कळत नाही. हो. हो.

बायकोच्या हातातली पर्स गच्च आवळली गेली होती.

तुपाच्या आवाजाचा वकील उठला. "ह्या बाईंनीही लिहून दिलंय, काही कळत नाही म्हणून. बाई, ह्यांच्याबरोबर संसार केलात आणि ह्यांचा एक शब्द कळला नाही? फार सोसलंत हो."

"मान्य!" एजंट टुणकन उठून म्हणाला. त्याला वाटलं, समोरच्यानं आपल्यालाच गोल करून दिला. "एक शब्द नाही, साहेब! हा माणूस घरात बोलतो म्हणजे नळ गळतो. कोण ऐकणार?"

बायको उठली.

"कोण म्हणतं?"

"वहिनी, बसा, आपण जिंकतोय," एजंट कुजबुजला.

"तुम्ही बसा! ह्यांना काय बोलायचं ते मी बोलेन, घरात. तुम्ही कोण?" आणि ती अधिकाऱ्यांकडे वळली. "साहेब, तुमचा डबा देता का जरा?"

अधिकाऱ्यांनी नकळत दुपारचा डबा पुढे केला. तिनं तो रिकामा करून खालचा पुडा घेतला, त्यात पाण्याचा पेला ठेवला. "ही बाहेरची टाकी. ही आतली. दोघी कुठंही एकमेकींना टेकता कामा नयेत, टेकल्या की तिथून उष्णता आत शिरते. म्हणून तळालासुद्धा हे." तिनं रुमाल ओला केला, पेल्याखाली, पेल्याभोवती दाबून बसवला. "हे काँक्रीट. ते मुद्दाम सच्छिद्र करायचं, म्हणजे पाणी धरून ठेवतं. कालवताना..." आणि काय किती घालायचं ते तिनं घडाघडा सांगितलं. "भोकं वर, कारण वाफ वर जाते. खाली ठेवली तर वाफ कोंडून पत्रा फुगेल."

"आणि मेण?" अधिकाऱ्यांनी विचारलं. ते पुढे वाकले होते. डबा आपला आहे हे विसरले होते.

"एरवी ओलावा उडून जाऊ नये म्हणून. आगीत ते सगळ्यात आधी वितळतं. कुणी उघडायला नको, की बटण नको. आगच कुलूप उघडते."

पंख्याखाली ती डबा धरून उभी होती, आणि आराखडे तिच्याकडे बघत होते. त्या रविवारी वाफेकडे बघत होते तसेच. नाही, त्याहून जास्त. वाफ निघणार हे निदान त्यांना आधीपासून माहीत होतं. त्यांचंच वाक्य, त्यांचाच क्रम, पण सगळा फापटपसारा गळून पडलेला. एखादं ड्रॉइंग खोडरबरानं साफ करून समोर ठेवावं तसं. इतकी वर्षं आपण एका भिंतीशी बोलतोय असं वाटत होतं, आणि त्या भिंतीनं आज अख्खं घर बांधून दाखवलं! त्यांना राहवेना. ते ताडकन उठले.

"बरोबर! अगदी बरोबर!"

एजंटनं कपाळ टेबलावर टेकवलं.

तुपाच्या आवाजाच्या वकिलाला आता बोलायची गरजच उरली नव्हती. तो नुसता खाली बसला आणि कागदपत्रं बांधायला लागला.

अधिकाऱ्यांनी निकाल तिथंच सांगितला. अर्ज नामंजूर. शोध अर्जाआधीच लोकांसमोर उघड झाला होता. मग चष्मा लावत ते म्हणाले, "नोंद घ्या. अर्जदारांनी तो शोध इतका स्वच्छ समजावला होता, की सामान्य श्रोताही तो तंतोतंत सांगू शकतो. ह्या खोलीत इतकं स्पष्ट मी क्वचितच ऐकलंय." खाली त्यांनी सही केली आणि शिक्का मारला. धप्प.

चेअरमन मागून म्हणाले, "मी म्हणतच होतो, छान बोलतात."

बाहेर कॉरिडॉरमध्ये लाकडी बाक होतं. बायको त्यावर बसली आणि आता कुठे तिनं आवळलेली पर्स मांडीवर ठेवली.

"माझं चुकलं का हो?" ती म्हणाली. "पेटंट गेलं तुमचं. पण तो मेला नळ म्हणाला तुम्हाला. मला राहवलंच नाही."

आराखडे शेजारी बसले. "तुला ते काँक्रीटचं प्रमाणसुद्धा पाठ होतं?"

"तुमच्याकडून ऐकलं की. दिवसभर एवढ्यांचं ऐकते, तुमचं ऐकायला काय धाड भरलीय?"

"मग कधी बोलली नाहीस?"

"जागा तर द्याल मधे!"

आराखडे हसले. मग अगदी हळू, एखाद्या पोरानं मास्तरांना विचारावं तसं त्यांनी विचारलं, "पुन्हा एकदा सांगतेस? सगळं. पहिल्यापासून."

तिनं सांगितलं. आराखड्यांनी ऐकलं. मधे एक शब्द नाही, एक बाण नाही. संसारातली ही पहिली वेळ. सांगता सांगता मेणापाशी आल्यावर ती अडखळली.

"एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचार."

"भर उन्हाळ्यात दुपारी ते मेण असंच मऊ होतं. मी खाली वाळत घातलेलं काढायला जाते ना, तेव्हा बघते, ओघळ आलेले असतात. म्हणजे भोकं उघडी पडली. पाऊस आत जाणार, नाहीतर ओलावा उडणार. मला काय वाटतं, मेण काढूनच टाकायचं, आणि त्याच्या जागी..."

आणि तिनं सांगितलं. दोन वाक्यांत. व्हॉल्व्ह गळतोय म्हणून सांगावं तसं.

आराखड्यांचं तोंड उघडं राहिलं. हे कपाटांतल्या कुठल्याही कागदावर नव्हतं. हे कुठल्याही फळ्यावर, कुठल्याही व्हिडिओत नव्हतं. इतकं साधं, की ते ऐकून टाक्या काढण्यात हयात घालवलेल्या त्या माणसाच्या अंगावर काटा आला. त्यांनी बायकोकडे पाहिलं, वरच्या उंच छताकडे पाहिलं, पुन्हा बायकोकडे पाहिलं.

"म्हणजे बघा, त्या कडेला जर आपण..." ती पुढे सांगायला लागली.

"शूः!"

तुपाच्या आवाजाचा वकील सुनावणीच्या खोलीतून बाहेर पडत होता. जवळ आला, अदबीनं मान लववली. "बाई, उत्तम बोललात. काही म्हणत होतात?"

"ह्यांच्या चपलेचा अंगठा तुटलाय," बायको म्हणाली.

वकील गेला. दोघं उठली आणि ओठ घट्ट मिटून थेट एजंटच्या ऑफिसात गेली. एजंट कपाळाला बाम लावत होता. त्यानं कोरा अर्ज काढला, पेन उघडलं आणि नेहमीप्रमाणे शोधकर्त्याच्या रकान्यात आराखड्यांचं नाव लिहायला लागला. आराखड्यांनी त्याचा हात धरला.

"खोडा. हिचं लिहा."

"अहो, पण टाकी तर तुमची..."

"टाकी आता जगाची. हे हिचं."

ती दोघं सोसायटीच्या फाटकात पोचली तेव्हा सगळी बिऱ्हाडं खाली जमली होती. चेअरमन पुढे झाले, डॉक्टर चॉकलेट घेऊन पुढे झाले, बाईंनी पदर सावरला. "काय झालं? आता पुढे काय? एजंटकडे कशाला गेला होतात? काही नवीन आहे का?"

ज्या माणसानं खिळा ठोकतानासुद्धा अख्ख्या मजल्याला समजावून सांगितलं होतं, तो माणूस थांबला. सगळ्यांच्या तोंडाकडे त्यानं आळीपाळीनं बघितलं. आत काहीतरी उकळत होतं, वर येत होतं, बाहेर पडायला भोक शोधत होतं.

"हवा छान आहे आज," आराखडे म्हणाले, आणि जिना चढून गेले.

चेअरमन बघतच राहिले. असला चमत्कार त्या सोसायटीनं आगीतसुद्धा पाहिला नव्हता.

आता तुम्ही विचाराल, मेणाच्या जागी ती काय म्हणाली? मला माहीत आहे. तिनं स्वतः सांगितलंय. पण अर्ज अजून दाखल व्हायचाय, आणि तुम्ही पडलात चारचौघं.